दहाचाकी ट्रकचा पैसा जातो कुठे? एका गाडीच्या धंद्याचं साधं गणित

गाडीवाला भेटला की लोक पहिला प्रश्न विचारतात, भाडं किती मिळालं. पुणे-बेंगलोर बावन्न हजार म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोक्यात लगेच महिन्याचा गुणाकार सुरू होतो, आणि त्या गुणाकारावर भरवसा ठेवून कितीतरी जणांनी जमिनीचा तुकडा विकून नाहीतर बायकोचे दागिने ठेवून गाडी काढलेली मी बघितलीये. माझं काम गाडीवाल्यांचे हिशोब आणि कागदपत्रं बघायचं. त्यातून एकच गोष्ट पुन्हापुन्हा दिसते, भाडं किती मिळालं यापेक्षा त्या भाड्यासाठी गाडीचे दिवस किती गेले यावर सगळं ठरतं. भाडं सगळ्यांना तोंडपाठ असतं, दिवस कोणी मोजत नाही.

आधी हे बघू की ते बावन्न हजार येतात कुठून. चाकणच्या कारखान्यात माल तयार होतो, कंपनीचं कॉन्ट्रॅक्ट एखाद्या मोठ्या ट्रान्सपोर्टरकडे असतं, त्याच्या स्वतःच्या गाड्या कमी पडतात म्हणून तो निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरमधल्या नाहीतर कळंबोलीच्या छोट्या ट्रान्सपोर्टरला फोन लावतो, तो दलालाला, आणि दलाल तुम्हाला. प्रत्येक जण आपला वाटा काढून पुढे देतो. म्हणजे कंपनीने दिलेलं भाडं आणि तुमच्या हातात आलेलं भाडं यात दोन-तीन माणसं बसलेली असतात. याचा राग सगळ्यांनाच असतो पण खरं सांगायचं तर एक गाडीवाला थेट कंपनीत गेला तर कंपनी म्हणते आम्हाला उद्या सकाळी पाच गाड्या पाहिजेत, तुझी एक, ती पण बेंगलोरला गेलेली. दलाल हा या धंद्यात फुकट खाणारा माणूस नाही, फक्त तो कोण आहे आणि बॅलन्स, म्हणजे मागे राहिलेलं भाडं, वेळेवर देतो का हे माहीत पाहिजे.

आता गणित. उदाहरणासाठी दहाचाकी धरू, २८.५ टन पासिंगची. म्हणजे गाडी आणि माल मिळून साडेअठ्ठावीस टन, गाडीचं स्वतःचं वजन दहाच्या आसपास, माल साडेअठरा टन. जुलै २०१८ च्या आधी हेच पासिंग २५ टन होतं, मग केंद्राने ॲक्सलवरच्या वजनाची मर्यादा वाढवली. तेव्हा लोकांना वाटलं तीन-साडेतीन टन जास्त म्हणजे तेवढं उत्पन्न जास्त, पण मालाची पोती तेवढीच होती, ती कमी गाड्यांत बसायला लागली आणि बाजारात गाड्या जास्त झाल्या, मग भाव वाढणार कुठून.

गाडी रस्त्यावर यायला चेसिस, बॉडी, पहिला इन्शुरन्स, टॅक्स सगळं धरून समजा ३८ लाख लागले. (सप्टेंबर २०२५ मध्ये ट्रकवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, टायरचाही, तेवढाच दिलासा.) घरचे ८ लाख घातले, ३० लाख फायनान्स. इथे पहिला खड्डा आहे. फायनान्सवाला म्हणतो सात टक्के, आणि तुम्हाला वाटतं वा, घराच्या कर्जापेक्षा स्वस्त. पण ते सात टक्के फ्लॅट असतात. फ्लॅट म्हणजे तुम्ही दर महिन्याला मुद्दल फेडत असता तरी व्याज शेवटच्या महिन्यापर्यंत पूर्ण ३० लाखावरच लावतात. ३० लाखाचे सात टक्के म्हणजे वर्षाला २,१०,०००, चार वर्षांचे ८,४०,०००, एकूण ३८,४०,०००, भागिले ४८ महिने, हप्ता बरोबर ८०,०००. हाच हप्ता बँकेच्या पद्धतीने, म्हणजे उरलेल्या मुद्दलावर व्याज धरून काढला तर दर पडतो पावणेतेरा टक्क्यांच्या जवळ. म्हणून कुठेही सही करायच्या आधी एकच विचारायचं, फ्लॅट की रिड्युसिंग, आणि उत्तर आलं तरी मोबाईलवर हप्ता टाकून स्वतः बघायचं. वर प्रोसेसिंग फी आणि गळ्यात मारलेला इन्शुरन्स असतो तो वेगळा.

हप्ता ८०,०००. त्यात कागदांचा खर्च मिळवा. थर्ड पार्टीचा प्रीमियम सरकार ठरवतं, २० ते ४० टनाच्या गाडीला २०२२ च्या दरपत्रकात तो ४३,९५० होता, त्यावर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग वेगळा. नॅशनल परमिटची फी वर्षाला १६,५००. मग रोड टॅक्स, फिटनेस, पीयूसी. फिटनेस नव्या गाडीला दोन वर्षांचं मिळतं, गाडी आठ वर्षांची झाली की दरवर्षी करावं लागतं. सगळं मिळून वर्षाचे १,२०,००० धरू, महिन्याला १०,०००. म्हणजे गाडी एक इंचही हलली नाही तरी महिन्याला ९०,००० गेले. तीस दिवसांनी भागा, दिवसाला ३,०००.

हा आकडा गाडीच्या काचेवर चिकटवून ठेवावा असं माझं मत आहे, लिंबू-मिरचीच्या शेजारी.

हा झाला उभा खर्च. आता चालता खर्च बघू. चाकण ते बेंगलोर साडेआठशे किलोमीटर धरले, जाऊन-येऊन १,७००. भरलेली दहाचाकी लिटरला चार देते असं धरलं तर ४२५ लिटर डिझेल, ९० च्या भावाने ३८,२५०. बीएस-६, म्हणजे नव्या प्रदूषण नियमांची गाडी असेल तर युरिया लागतो, ज्याला सगळे ॲडब्लू म्हणतात, वीस लिटर, १,२००. टोल दोन्ही बाजूचा समजा १०,०००. ड्रायव्हरचे ट्रिपचे पैसे आणि भत्ता ९,०००. बांधणी, हमाली, रस्त्यावरचे किरकोळ ज्याची पावती कोणी देत नाही, ३,०००. दलाली दोन्ही वेळची ३,०००. बेरीज ६४,४५०. आता जाताना ५२,०००, परतीला ४२,०००, एकूण ९४,०००. हातात राहिले २९,५५०. इथपर्यंत बहुतेक जण करतात, आणि ट्रिपला एकोणतीस हजार सुटले म्हणून मोकळे होतात.

पण टायर? दहा टायर, एकेक बावीस हजाराचा धरला तर सेट २,२०,००० चा, समजा ८०,००० किलोमीटर चालला, किलोमीटरला पावणेतीन रुपये झाले. ऑइल, ग्रीसिंग, ब्रेक लायनर, क्लचप्लेट, पाटा (स्प्रिंगची पट्टी) तुटला, हे किलोमीटरला सव्वा रुपया. मिळून चार रुपये. १,७०० किलोमीटरला ६,८००. हे पैसे त्या ट्रिपला खिशातून जात नाहीत म्हणून ते खर्चात धरायचं कोणाच्या मनातच येत नाही, आणि वर्षभरात सगळे टायर एकदम गुळगुळीत झाले की मग परत फायनान्सवाल्याच्या दारात. ते वजा केले की उरतात २२,७५०.

आता दिवस. हीच ट्रिप सहा दिवसांत झाली तर सहा त्रिक अठरा हजार उभा खर्च, शिल्लक ४,७५०. आठ दिवस लागले तर २४,०००, म्हणजे १,२५० चा तोटा. दहा दिवस लागले तर ७,२५० चा तोटा. भाडं तेच, डिझेल तेच, ड्रायव्हर तोच. साडेसात दिवसांच्या आत गाडी परत भरायला उभी राहिली तर धंदा, नाहीतर तुम्ही फायनान्स कंपनीसाठी समाजसेवा करताय.

(माझ्या ओळखीचे सीए इथे टोकतात, म्हणतात हप्त्यातलं मुद्दल हा खर्च नसतो, ती तुमची मालमत्ता तयार होतेय. बरोबर आहे, पुस्तकात बरोबर आहे. पाच तारखेला हप्ता बाऊन्स झाल्यावर फायनान्सच्या माणसाला हे सांगून बघा.)

मग दिवस जातात कुठे? साडेआठशे किलोमीटर चालायला तर दोन दिवस पुरतात. दिवस खातं उभं राहणं. लोडिंगला गेटबाहेर लाइन, आत गेल्यावर माल तयार नाही, तिकडे पोचलो तर शनिवार, स्टोअरवाला सोमवारी येणार. खाली झालो की बेंगलोरजवळच्या नेलमंगलाच्या आसपास परतीच्या भाड्याची वाट बघत बसायचं. परतीचं भाडं हा तर स्वतंत्रच विषय आहे. बेंगलोरहून पुण्याकडे माल मिळतो, पण कोकणातल्या एखाद्या टोकाला सिमेंट टाकलं तर तिथून परत काय भरणार, पावसाळ्यात तर काहीच नाही. त्यामुळे जाताना भाडं थोडं कमी असलेला पण तिकडून लगेच रिटर्न मिळणारा रूट हा जास्त भाड्याच्या आडवाटेच्या रूटपेक्षा चांगला पडतो, आणि हे समजायला लोकांना एक-दोन वर्षं लागतात. परतीला ४२,००० साठी तीन दिवस थांबायचं की ३६,००० ला आत्ता भरून निघायचं? तीन दिवस म्हणजे ९,०००, वाढलेलं भाडं ६,०००. निघायचं. हिशोब एवढाच आहे पण त्या क्षणी मन म्हणतं सहा हजार कोण सोडणार.

आणि हॉल्टिंग, म्हणजे गाडी थांबवून ठेवल्याचे पैसे, मागायला लाजू नका. गाडी भरायच्या आधी दलालाशी ठरवायचं, खाली करायला चोवीस तास मोकळे, त्यानंतर दिवसाला इतके, आणि ते व्हॉट्सॲपवर लिहून घ्यायचं, तोंडी ठरलेलं हॉल्टिंग मी तरी कुणाला मिळालेलं बघितलं नाही. पोचल्यावर गेटवर एंट्री झाल्याचा वेळेसकट फोटो ड्रायव्हरने काढून पाठवायचा, कारण नंतर भांडण हेच होतं की गाडी नक्की कधी आली. सगळे दलाल हॉल्टिंग देतील असं नाही, पण जो सुरुवातीलाच नाही म्हणतो त्याचा माल किती दिवस अडकतो याचा अंदाज तिथेच येतो.

उतरवण्याचे पैसे हा तसाच एक जुना काटा. माल कंपनीचा, तो उतरवून घेणार कंपनी, आणि हमालीचे, वाराईचे पैसे मागतात ड्रायव्हरकडे. वाहतूकदारांच्या संघटना वर्षानुवर्षं 'ज्याचा माल त्याचा हमाल' म्हणत आल्यात. महाराष्ट्रात १९६९ पासून माथाडी कायदा आहे, त्यात हमालांची मजुरी ठरवायची आणि द्यायची व्यवस्था आहे, तो चांगला कायदा आहे, गेटवर ड्रायव्हरकडून वसूल करणं हा त्याचा भाग नाही. पण रात्री अकरा वाजता एकट्या ड्रायव्हरने वाद घालावा अशी अपेक्षा करू नका, भाडं ठरवतानाच दोन्ही बाजूची हमाली कोणाची ते विचारून घ्या.

आता ड्रायव्हर. वरच्या गणितात सहा दिवसांच्या पाच ट्रिपा महिन्यात बसल्या, म्हणजे सगळं सुरळीत झालं, तर मालकाला राहिले २३,७५०. आणि ड्रायव्हरला गेले ४५,०००, भत्ता धरून. पहिल्यांदा हे ऐकून मालकाला ड्रायव्हरचा राग येतो. राग यायचं कारण नाही, त्याने महिनाभर रात्री जागून, खंबाटकीचा घाट चढून-उतरून, घरापासून लांब राहून कमावलेत. यातून समजायचं वेगळंच आहे. जो मालक स्वतः गाडी चालवतो त्याला वाटतं मला गाडीतून सत्तर हजार सुटतात, पण त्यातले पंचेचाळीस त्याची मजुरी आहे, जी त्याला ३८ लाख न गुंतवताही दुसऱ्याच्या गाडीवर मिळाली असती. गाडीने दिले ते पावणेचोवीस. आणि तेही तो आजारी पडला नाही, मुलीचं लग्न निघालं नाही तर, कारण तो घरी बसला की गाडीचे तीन हजार चालूच.

ड्रायव्हर ठेवायचा असेल तर डिझेलवरून रोज कटकट करण्यापेक्षा टाकी फुल ते टाकी फुल असं ॲव्हरेज काढा, रिकामी आणि भरलेली वेगवेगळी, दोन-तीन ट्रिपांत खरा आकडा समजतो, मग त्यावर ठरवा आणि त्याहून वाचलं तर त्यातला वाटा त्याला द्या. चांगला ड्रायव्हर टिकवणं हे चार आण्याच्या डिझेलपेक्षा महाग काम आहे. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या ट्रकला केबिनमध्ये एसी सक्तीचा झालाय, मालक लोक कुरकुरतात की डिझेल जास्त खाणार, पण मे महिन्यात सोलापूरच्या पुढे दुपारी एकदा जुन्या केबिनमध्ये बसून बघावं.

ओव्हरलोडचं पण सांगतो कारण मोह तिथेच होतो. दलाल म्हणतो चार टन जास्त घे. टनाला २,८०० धरले तर ११,२०० जास्त मिळाले. पकडलं गेलं तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात दंड आहे २०,००० आणि वर जादा प्रत्येक टनाला २,०००, म्हणजे २८,०००, शिवाय जादा माल उतरवायचा तो तुमच्याच खर्चाने. पकडलं गेलं नाही तरी टायर, पाटा आणि ब्रेक पकडतात. भरल्यावर वजनकाट्यावर वजन करून पावती घेतल्याशिवाय निघूच नये, कारण कधीकधी मोह तुमचा नसतो, माल देणाऱ्याने न सांगता जास्त टाकलेला असतो आणि दंड मात्र गाडीवर येतो.

कागदांच्या बाबतीत लोक घाबरतात जीएसटीला, आणि खरं तर एक गाडीवाल्याला त्याचा त्रास सगळ्यात कमी आहे. तुम्ही तुमची गाडी ट्रान्सपोर्टरला भाड्याने दिली, बिल्टी (माल वाहून नेण्याची पावती) त्याच्या नावाची, तर तुमच्या भाड्यावर जीएसटीच नाही, ती सेवा माफ आहे. बिल्टी जो फाडतो तो कायद्याच्या भाषेत जीटीए, म्हणजे गुड्स ट्रान्सपोर्ट एजन्सी. तुम्ही उद्या थेट कंपनीचं काम घेऊन स्वतःची बिल्टी काढायला लागलात तर मात्र तुम्ही जीटीए झालात, पण तिथेही नेहमीच्या पद्धतीत पाच टक्के कंपनी स्वतः भरते, आणि सगळं काम तसंच असेल तर तुम्हाला नोंदणीचीही सक्ती नाही.

ई-वे बिल, म्हणजे मालासोबत लागणारा जीएसटीचा ऑनलाइन कागद, मात्र नीट समजून घ्या, कारण ते बनवतं दुसरं कोणी आणि रस्त्यावर अडते तुमची गाडी. परराज्यात ५०,००० च्या वरच्या मालाला लागतं, महाराष्ट्राच्या आतल्या आत एक लाखाच्या वर. मुदत २०० किलोमीटरला एक दिवस, म्हणजे साडेआठशेला पाच दिवस. ऐकायला भरपूर वाटतात, पण लोड होऊन गाडी दीड दिवस गेटवर राहिली, मग हुबळीजवळ चाकाचा हब गेला आणि पार्टला एक दिवस लागला, की मुदत संपत आली. मुदत संपायच्या आठ तास आधीपासून नंतरच्या आठ तासांपर्यंत ती वाढवता येते, ते माल देणारा किंवा ट्रान्सपोर्टर करतो, तुम्ही फक्त वेळेत फोन करायचा. माल दुसऱ्या गाडीत टाकायची वेळ आली तर नवा गाडी नंबर त्यात चढवल्याशिवाय हलायचं नाही. आणि लोडिंगलाच बिलावरचा गाडी नंबर वाचायचा, एक आकडा चुकलेला असतो आणि मग रस्त्यावरच्या तपासणीत दोन दिवस जातात. म्हणजे सहा हजार, आलं का परत तेच.

इन्कमटॅक्सला एक सोय आहे जी खास छोट्या गाडीवाल्यासाठी आहे, दहापर्यंत गाड्या असतील तर. १९६१ च्या कायद्यात ते कलम ४४एई, २०२५ च्या नव्या कायद्यात नंबर बदलला, सोय राहिली. बारा टनाच्या वरच्या गाडीला एकूण वजनाच्या टनाला महिन्याला १,००० रुपये उत्पन्न धरायचं, पावत्यांचं गाठोडं ठेवायची गरज नाही. आपल्या गाडीचे २८,५०० महिन्याला, वर्षाचे ३,४२,०००. गाडी उभी असली तरी धरायचं. बाकी काही उत्पन्न नसेल तर नव्या पद्धतीत एवढ्यावर टॅक्स येत नाही, पण रिटर्न भरा, पुढच्या गाडीचं कर्ज बँकेतून स्वस्तात पाहिजे असेल तर तोच कागद मागतात. आणि ट्रान्सपोर्टरला पॅन आणि दहापर्यंतच गाड्या आहेत असं लिहून दिलं तर तो टीडीएस कापत नाही. हे पत्र न दिल्यामुळे वर्षानुवर्षं पैसे कापून घेणारे आणि मग रिटर्न न भरता ते सोडून देणारे मालक आहेत, हे मला कधीच समजलेलं नाही.

आता बॅलन्स. भाड्याचे ऐंशी टक्के गाडी भरल्यावर ॲडव्हान्स मिळतात असं धरू, बाकीचे वीस टक्के पोच (माल मिळाल्याचा सही-शिक्क्याचा कागद) दिल्यावर, आणि पोच दिल्यावर म्हणजे पोच पोचून, बिल लागून, साहेबांची सही होऊन, महिन्याने. आपल्या गाडीचं महिन्याचं काम पाच ट्रिपांचं ४,७०,०००, त्याचे वीस टक्के ९४,०००. म्हणजे कुठल्याही दिवशी साधारण लाखभर रुपये तुमचे लोकांकडे अडकलेले असणारच. गाडीची महिन्याची कमाई पावणेचोवीस आणि अडकलेले चौऱ्याण्णव. म्हणून कागदावर फायद्यातली गाडी हप्ता चुकवते, पंपावर उधारी होते, उधारीच्या डिझेलला लिटरमागे जास्त लावतात, आणि ते जास्तीचे पैसे कोणत्याच हिशोबात दिसत नाहीत. गाडी काढतानाच दोन हप्त्यांएवढी रक्कम बाजूला ठेवून मगच डाउन पेमेंट ठरवा, जास्त डाउन पेमेंट भरून खिसा रिकामा करण्यापेक्षा हे बरं.

पोच मात्र हातातून सुटू देऊ नका. शिक्का, सही, तारीख, शॉर्टेज असेल तर किती नग ते लिहिलेलं, आणि ड्रायव्हरने तिथूनच फोटो पाठवायचा. मूळ कागद कुरियरने, पावती जपून. पोच हरवली म्हणून बॅलन्स बुडवणं ही दलालांची आवडती युक्ती. उद्यम नोंदणी फुकट आहे, ती करून ठेवा, २००६ च्या एमएसएमई कायद्याने छोट्या उद्योगाचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचं असतं, लेखी करार नसेल तर १५ दिवसांत, उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज. ज्याच्याकडून उद्या परत माल पाहिजे त्याच्यावर कोणी केस टाकत नाही हे मलाही माहितीये. पण ज्याच्याशी संबंध तुटलेच आहेत त्याला त्या कायद्याचं नाव घालून एक पत्र गेलं की बरेचदा फोन येतो.

इन्शुरन्सबद्दल एक गैरसमज इतका पसरलाय की सांगायलाच हवं. गाडीचा फुल इन्शुरन्स असला तरी आतला माल त्यात नसतो. कांदा भिजला, लासलगावहून निघालेली गाडी ताडपत्री फाटून अर्धी सडली, तर तो प्रश्न मालाच्या इन्शुरन्सचा, जो मालवाल्याने काढलेला असतो किंवा नसतो. आणि असला तरी त्याला पैसे दिल्यावर त्याची विमा कंपनी वाहतूकदाराच्या मागे येऊ शकते, मग ट्रान्सपोर्टर तुमचा बॅलन्स धरून बसतो. म्हणून भरताना नग मोजून, मालाचे फोटो काढून, बिल्टीवर इन्शुरन्सचा रकाना भरलाय का बघून निघायचं. स्वतः चालवत असाल तर मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघात विमा आणि ड्रायव्हर ठेवला असेल तर पगारी ड्रायव्हरचं कव्हर, हे दोन्ही पॉलिसीत चढलेत का ते वाचा, प्रीमियम त्याचा अगदी थोडा असतो. फिटनेस संपलेलं, परमिट संपलेलं, लायसन्स संपलेलं, यातलं एक जरी निघालं तर क्लेम अडकतो, म्हणून सगळ्या तारखा मोबाईलला महिनाभर आधीच्या अलार्मसकट टाका.

जुनी गाडी घ्यावी का, हे बरेच जण विचारतात. माझं मत आहे की पहिल्यांदा धंद्यात येणाऱ्याने पाच-सहा वर्षांची गाडी घ्यावी, हप्ता अर्ध्यावर येतो आणि दिवसाच्या तीन हजारांचे सतराशेच्या आसपास होतात, म्हणजे गाडी दोन दिवस जास्त उभी राहिली तरी मरत नाही. मेन्टेनन्स वाढतो, ते धरा. पण वय बघून घ्या, नॅशनल परमिट साध्या दोन ॲक्सलच्या ट्रकला बारा वर्षांपर्यंतच मिळतं, मल्टिॲक्सलला, म्हणजे त्याहून जास्त ॲक्सलच्या गाडीला, पंधरा, त्यामुळे दहा वर्षांची दोन ॲक्सलची गाडी स्वस्त मिळाली तरी लांबच्या रूटला तिची दोनच वर्षं राहिलीत. आरसीवर कर्जाचा बोजा आहे का, फायनान्सवाल्याची एनओसी मिळणार का, चलान किती साठलीत हे ऑनलाइन दिसतं. आणि कर्ज चालू असलेली गाडी नुसत्या स्टॅम्पपेपरवर 'हप्ते तू भर, गाडी तुझी' असा व्यवहार करून घेऊ नका आणि देऊ तर अजिबात नका, कारण अपघात झाला तर जबाबदारी आरसीवर ज्याचं नाव त्याची, सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये हे स्पष्ट केलंय.

बीएस-६ जुनी घेताना युरियाची सिस्टीम चालू आहे की कोणी बायपास केलीये ते मेकॅनिकला दाखवा. हजार-बाराशेचा युरिया वाचवायला ती बंद करून टाकतात आणि मग सेन्सर, पंप बदलायचं बिल नव्या मालकाच्या गळ्यात. भेसळीच्या युरियाने पण तेच होतं, ढाब्यावरच्या उघड्या ड्रममधला घ्यायचा नाही.

कंपनीला गाडी अटॅच करायची, म्हणजे करारावर लावायची, की ओपन मार्केटमध्ये फिरवायची, यावर दोन्ही बाजूने भांडणारी माणसं आहेत. अटॅचला भाव कमी पण दिवस ठरलेले, महिन्याला इतके किलोमीटर नक्की. ओपनला दिवाळीच्या आधी, मार्च एंडला, कांद्या-द्राक्षाच्या सीझनला भाव चढतो आणि जुलै-ऑगस्टला गाड्या कळंबोलीत ओळीने झोपलेल्या असतात. हप्ता चालू असेपर्यंत अटॅच, गाडी मोकळी झाली की ओपन, असं मी तरी सांगतो. अटॅचच्या करारात किमान किलोमीटरची हमी आणि डिझेलचा भाव वाढला तर भाडं वाढायचं कलम, ही दोन बघा, बाकी पानं सगळ्यांची सारखीच असतात.

आणि दुसरी गाडी. पहिली बरी चालली की वर्षभरातच फायनान्सवाला स्वतःहून फोन करतो, तुमचं ट्रॅक रेकॉर्ड चांगलंय, अजून एक घ्या. स्वतः चालवणाऱ्या मालकाने इथे थांबून वरचे आकडे परत बघायचे. पहिल्या गाडीतून त्याला सत्तरच्या आसपास सुटतात ते दोन भागांचे, मजुरी आणि गाडी. दुसऱ्या गाडीवर तो बसू शकत नाही, त्यामुळे तिथून मजुरी येणार नाही, सगळं चांगलं झालं तर पावणेचोवीस येतील, लोकांकडे अडकलेले अजून चौऱ्याण्णव हजार वाढतील, आणि दोन्ही गाड्यांसाठी माल बघायला फोनवर बसायचं तर पहिली गाडी चालवणार कोण. पहिलीचे हप्ते संपेपर्यंत थांबलं तर तिचा दिवसाचा उभा खर्च तीन हजारांवरून साडेतीनशेपर्यंत खाली येतो, आणि मग तीच गाडी दुसरीचा वाईट महिना सांभाळून घेते.